दोन बोटं लोळणारी साडी

साड्या जमिनीवर लोळायला लागल्या तेव्हा मी पहिला दोष फॉल लावणारीला दिला. मल्लेश्वरममध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं एका खिडकीएवढं दुकान आहे. तीही आमच्यासारखीच पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत मुरलेली मराठी, त्यामुळे भांडणाची सोय चांगली. तीन साड्या तिच्या टेबलावर आपटून मी म्हटलं, "फॉल काठाच्या खाली उतरवून लावतेस की काय? दोन बोटं लोळतात सगळ्या."

तिने टेप काढून काठ मोजला, मग चष्म्यावरून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अक्का, फॉल सरी आहे, बरोबर लागलाय. तुम्हीच स्वल्प खाली आलाय."

मला भयंकर राग आला. साड्या उचलल्या आणि तिची पायरी पुन्हा चढायची नाही असं ठरवून घरी आले. आमचे हे असते तर त्यांनी तिच्याआधीच ओळखलं असतं. दर दिवाळीला ते स्वयंपाकघराच्या दाराशेजारी माझा आणि मुलाचा फोटो काढायचे. तिथे भिंतीत कॅलेंडरचा खिळा आहे. तो फोटोत येऊ नये म्हणून मला बरोबर त्याच्यापुढे उभं करायचे, माझ्या डोक्याआड तो लपायचा. ते जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर मला असं निरखून कुणी पाहिलेलंच नव्हतं.

महिन्याभराने तांदळाचा डबा उचलायला वाकले आणि पाठीत काहीतरी कट्‌कन वाजलं. पुढचा दीड महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. कूस बदलली की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, शिंक येणार असं वाटलं की आधी ओटा धरून उभी राहायचे. कमरेचा पट्टा, गोळ्या, पडून राहणं, सगळं करून झालं. फरक शून्य.

मुलाला कळवलं नाही. तो कॅनडात असतो. वडील गेल्यावर परत जाताना म्हणाला होता, "आता तुला काही झालं ना आई, तर हे घर बंद. तू तिकडे यायचंस." प्रेमानेच म्हणाला होता, पण मला ते धमकीसारखं ऐकू आलं. सगळा संसार या घरात झाला, शेवटही इथेच व्हावा एवढीच माझी मागणी. म्हणून दर रविवारी संध्याकाळी पाठीशी तीन उशा लावायच्या, फोन हनुवटीजवळ धरायचा आणि "मजेत आहे" म्हणायचं. पोटच्या पोराशी इतकं सफाईने खोटं बोलता येईल असं मला वाटलं नव्हतं.

शेवटी रिक्षा करून एकटीच हॉस्पिटलात गेले. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मोजला. डॉक्टरीणबाईंनी एमआरआय दाखवला. ठिसूळ झालेला एक मणका चेपला होता. "दुखतोय तो हा, ताजा. याच्या वरचे दोन आधीच दबलेत, तुम्हाला कळलंही नसेल." मला फॉलवाली आठवली आणि कानशिलं तापली.

कापाकापी नाही, त्या म्हणाल्या. पाठीतून सुई घालून मणक्यात एक छोटा फुगा फुगवायचा, झालेल्या पोकळीत सिमेंट भरायचं, दुसऱ्या दिवशी घरी. "दुखणं बहुतेक जाईल. उंची मात्र परत येईल असं समजू नका." मग त्यांनी विचारलं, "सोबत कोण आहे?"

नातेवाइकांना सांगितलं असतं तर तासाभरात कॅनडाला पोचलं असतं. मग जिच्याशी भांडले होते तिलाच फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "सरी अक्का, दुकान बंद करून येते." फॉर्मवर नात्यापुढे तिने धाकटी बहीण असं लिहिलं आणि सही ठोकली.

मला पालथं झोपवलं. पाठ बधिर केली होती, पण मी जागी होते. दुखत नव्हतं, नुसते दणके जाणवत होते. भिंतीत खिळा ठोकताना भिंतीला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. खाली फक्त लोकांच्या चपला दिसत होत्या. कुणाचा तरी हात धरावा असं फार वाटलं. कुणीतरी विचारलं, "ओके अम्मा?" मी ओके म्हटलं.

संध्याकाळी उठून उभी राहिले, तर ती कळ नव्हती. मी रडले. दुसऱ्या दिवशी घरी निघताना फॉलवालीने माझ्यासमोर उकिडवं बसून निऱ्या सारख्या केल्या आणि कमरेशी दोन बोटं जास्त खोचल्या. "आता बघा, लोळत नाही." मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "साडी नीट धरा, अक्का."

रविवारी फोन आला. पाठीशी एकही उशी नव्हती. मुलाने माझा चेहरा पाहिला आणि खूश होऊन म्हणाला, "अगदी तशीच दिसतेस, आई."

आणि मला त्याचाच संताप आला. दीड महिना लपवलं मीच, आणि आता त्याला दिसलं नाही म्हणून चिडलेही मीच. फोन जेवणाच्या टेबलावर बरणीला टेकवून ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराशेजारी जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

"हे काय करतेस?" तो हसत म्हणाला. मग स्क्रीनच्या जवळ आला.

"आई," तो म्हणाला, "खिळा दिसतोय."

मी सगळं सांगितलं, तिथेच उभ्याने. तो रागावला नाही. "तिकीट बघतो," म्हणाला. घर बंद करायला येतोय की मला बघायला, हे मी विचारलं नाही. "ये," म्हटलं.