शंभर किलोमीटर वर, व्हाया पांढरकवडा

आमच्या कंपनीत एखादं मशीन यायला तीन महिने लागतात, किस्सा मात्र रोज एक येतो. "लिहून ठेवा," असं सगळे म्हणतात, ठेवत कोणीच नाही. म्हणून आठवतात तेवढे सांगून टाकतो.

आम्ही माणसांना अवकाशाच्या काठापर्यंत नेऊन लगेच परत आणणारं यान बनवतो. पांढरकवड्याजवळ, कापसाच्या जिनिंगच्या बंद पडलेल्या शेडमध्ये. तिकडे बोरी अरबजवळ दुसऱ्या एका कंपनीची अशीच शेड आहे. यान अजून कोणाचंच उडालेलं नाही, पण स्पर्धा जोरात! मी परचेस पाहतो.

*

शेडचे मालक नामदेवराव एकदा यान पाहायला आले.

"किती वर जाते म्हणता?"

"शंभर किलोमीटर."

"अन् वापस?"

"अकरा मिनिटांत. इथंच."

"येवढ्या दूर जाता, अन् कोणाकडं थांबत बी नाही?"

*

यानाच्या सीटसाठी आमच्या चीफ इंजिनिअर वैशाली मॅडम आणि मी हायवेवरच्या यूसुफभाईंकडे गेलो. ट्रकच्या सीटा त्यांच्यासारख्या कोणी बनवत नाही. मॅडमनी अर्धा तास ड्रॉइंग समजावलं. यूसुफभाईंनी एकच विचारलं, "ड्रायव्हर किती घंटे बसन?"

"अकरा मिनिटं."

"मंग स्टूल द्या ना!"

*

तरी सीट बनली. आमचं डिझाइन कोणाला सांगणार नाही, असं यूसुफभाईंनी सही करून दिलं होतं. सीट आणायला गेलो, तर शेजारी तशीच दुसरी सीट. बोरी अरबवाल्यांची!

मॅडम भडकल्या. "हे काय?"

"त्यायले मी तुमचं काहीच नाही सांगतलं. तुमाले बी त्यायचं नाही सांगत."

"अहो, पण दोन्ही सीटा शेजारी ठेवल्यात!"

"सीट बोलते काय मॅडम?"

*

एक विमा एजंट शेडवर आला. सगळ्यांना फॉर्म वाटले. मग सहज विचारलं, "इथं बनते काय?" आम्ही सांगितलं.

वाटलेले फॉर्म परत गोळा करून गेला.

*

पॅराशूटच्या चाचणीत यान मोठ्या फुग्यानं वर नेऊन सोडलं. आत सूट-हेल्मेट घातलेला माणसाच्या वजनाचा पुतळा. वारा सुटला आणि यान चार किलोमीटरवर एका तुरीच्या वावरात उतरलं. आम्ही धापा टाकत पोचलो, तर दार उघडं. वावराच्या मालकीण सुमनबाई पुतळ्यासमोर पाण्याचा गडवा ठेवून बसलेल्या.

"अर्धा घंटा झाला, विचारून राह्यली. बोलत नाही, हालत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "तुमचा मोठा साहेब हाये काय?"

*

आता शेवटचा. यानाची केबिन आमच्या विठ्ठल राठोडनं वेल्ड केली होती. तपासणीचा रिपोर्ट ओके आला. पुढची चाचणी माणूस आत बसवून. दार लावायचं, आत हवेचा दाब वाढवायचा आणि चाळीस मिनिटं काटा खाली येतो का ते बघायचं. आत कोण बसणार म्हटल्यावर सगळे मोबाइल पाहायला लागले.

"मी बसते," वैशाली मॅडम म्हणाल्या.

विठ्ठल उठून उभा राहिला. "मॅडम, दोन दिवस द्या."

दोन दिवस तो केबिनला चिकटून एकेक जोड पुन्हा तपासत होता. जेवायलाही बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम हेल्मेट घेऊन आल्या, तर दार आतून बंद! काचेतून विठ्ठल दिसत होता.

"विठ्ठल, बाहेर ये!"

माइकवर आवाज आला, "हवा भरा जी."

मॅडमनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा विनवलं. शेवटी हवा भरली. चाळीस मिनिटं सगळ्यांचे डोळे काट्यावर. काटा जागचा हलला नाही.

दार उघडलं. विठ्ठल घामानं निथळत होता. मॅडमचे डोळे भरलेले. "भीती नाही वाटली का रे?"

"लय वाटली," विठ्ठल म्हणाला. "वेल्डिंग कोणं केलं, मले माहीत होतं ना!"