साडेचार तासांचं सुतक

माझे सासरे मागच्या हिवाळ्यात साडेचार तास वारले होते. आज ते ठणठणीत आहेत, सकाळीच बांधावर चक्कर मारून आले. पण ते साडेचार तास काही खोटे नव्हते, आणि त्यांना मारलं कोणी विचाराल, तर मी.

झालं असं, की सावली तालुक्यातल्या आमच्या गावात सिनेमावाले आले. नाचगाण्याचा सिनेमा असता तर गोष्ट वेगळी होती. हा गंभीर होता. बाप मरतो, शहरातला मुलगा उशिरा पोचतो आणि मग दोन तास घरात कोणी कोणाशी बोलत नाही. (एवढ्यासाठी ट्रक भरून सामान आणावं लागतं, हे मला नवीन होतं. आमच्या खानदानात हे फुकट चालतं.) दाढीवाला पोरगेला डायरेक्टर गावभर फिरला आणि आमच्या ओसरीपुढे येऊन थबकला. म्हणाला, "या भिंतीत दुःख आहे." तीन वर्षं चुना मारा, चुना मारा म्हणून घसा कोरडा केलेली मी आमच्या ह्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

खानदानाचं म्हटलं ते अशासाठी, की मामाजी, म्हणजे माझे सासरे, आणि त्यांची ब्रह्मपुरीला दिलेली सख्खी बहीण सुमन आत्याबाई अकरा वर्षं बोलत नव्हते. कारण माझं लग्न! मांडवात सगळ्या जावयांच्या खांद्यावर मानाचे दुपट्टे पडले आणि आत्याबाईंच्या मालकांचाच, आतोबांचाच, राहिला. गठ्ठ्यात एक कमी निघाला, बाकी काही नाही. पण आत्याबाई न जेवता मांडवातून उठल्या त्या उठल्याच. तेव्हापासून दर राखीला मामाजी दुपारपर्यंत ओसरीवर बसून राहायचे, आणि जेवायला बोलावलं की "भूक नाई" म्हणायचे. मला वाटायचं, हे सगळं माझ्याच पायगुणानं झालं. इतक्या वर्षांत कोणी नाही म्हटलं नाही.

तर शूटिंगच्या पहिल्याच सकाळी मेलेल्या बापाचा फोटो फुटलेला निघाला. सगळे डोक्याला हात लावून बसले. आता सांगा, मला कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला? मी म्हटलं, आमच्या मामाजींचा मोठा फोटो आहे ना, चालेल काय? मामाजींना विचारलं. त्यांची एकच शंका होती, सिनेमात किती वेळ दिसेल? डायरेक्टर म्हणाला, शेवटपर्यंत. "मंग थो फेट्यावाला लावा," मामाजी म्हणाले. फोटोला चंदनाचा हार पडला, पुढे दिवा लागला, आणि मामाजी स्वतः लांबून बघत डावीकडून जरा खाली घ्या म्हणून सांगू लागले.

मग त्यांनाही काम मिळालं. डायरेक्टरला त्यांची पाठ आवडली. खांद्यावर सिनेमाचा पांढरा दुपट्टा टाकून त्यांना फोटोपुढे पाठमोरं बसवलं. स्वतःच्याच मयतीला बसलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. अट एकच होती, तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकायचा आणि हलायचं नाही. खर्रा सोडताना त्यांचा चेहरा खरोखर मयतीला बसल्यासारखा झाला.

मला शेजारणीचं काम दिलं. पांढरी साडी, डोळ्यांखाली काळं. रडायचं नाही, बोलायचं नाही, कोपऱ्यात बसायचं. एवढी चांगली दिसत होते, तर मी एक सेल्फी काढला. मागे हार घातलेले मामाजी आले, दिवाही आला. खाली लिहिलं, "आजचा दिवस आयुष्यभर विसरणार नाही. शब्द नाहीत." आणि हात जोडलेलं चित्र टाकून ठेवलं स्टेटसला. तेव्हा आठ वाजले होते. लगेच सिनेमाचा माणूस टोपली घेऊन आला आणि आवाज नको म्हणून घरातले, गल्लीतले, झाडून सगळ्यांचे फोन गोळा करून घेऊन गेला.

पुढे साडेचार तास ती टोपली गोठ्यात थरथरत होती म्हणतात.

साडेबाराला मुख्य सीन लागला. डायरेक्टरनं पुन्हा बजावलं, "रडणं नको, शोक हवा." कॅमेरा सुरू झाला. घर चिडीचूप. आणि दारातून आत्याबाई आत आल्या. मागे आतोबा, हातात वरण-भाताचं गंज, म्हणजे मोठं पातेलं. आमच्याकडे मयतीच्या घरी चूल पेटत नाही, सोयरे शिजवून आणतात. त्याला कडू घास म्हणतात. ब्रह्मपुरीहून भरल्या जीपमध्ये ते गंज त्यांनी मांडीवर धरून आणलं होतं. गल्लीच्या तोंडाशी सिनेमावाल्यांनी अडवलंसुद्धा नाही. त्यांना वाटलं, ही कोणी मोठी नटी असेल.

आत्याबाईंनी कोणाकडे पाहिलं नाही. मामाजींच्या पाठीला वळसा घालून त्या थेट फोटोपुढे कोसळल्या.

"भाऊ रे," त्यांनी हंबरडा फोडला, "एका दुपट्ट्यासाठी अकरा वर्स तुह्यं तोंड पाह्यलं नाई रे! दर राखीले जीपपर्यंत येऊन वापस जात होती मी. आता कोणाले बांधू रे?"

डायरेक्टर कट म्हणेना. तोच रडत होता. आमचे हे कॅमेऱ्यामागे उभे, तोंडाचा आ झालेला. खरं म्हणजे मी उठून सांगायला पाहिजे होतं, की आत्याबाई, रडू नका, मामाजी तुमच्या मागेच बसले आहेत. पण मला बोलायचं नाही सांगितलं होतं ना! आयुष्यात पहिलं काम मिळालेलं, तेही खराब करू? मी कोपऱ्यात बसून शोक करत राहिले. आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

शेवटी ती आवडलेली पाठ हलायला लागली. मामाजी वळले. रडून रडून त्यांची मिशी भिजली होती.

"सुमन, मी इथीच आहो वो."

आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"जित्ता आहेस, त हार घालून काऊन बसला?"

मग तो फोनवरचा फोटो कोणी टाकला, याची चौकशी झाली. आमच्या घरात कशावरच एकमत होत नाही, पण त्या दिवशी सगळी बोटं एकदम माझ्याकडे वळली.

आत्याबाईंनी डोळे पुसले, गंज उचललं आणि आतोबांना म्हणाल्या, चाला. एकदा माझ्या लग्नात गेल्या, आता माझ्या स्टेटसमुळे चालल्या. पुढची अकरा वर्षं मामाजींना झेपणार नव्हती. आणि दाराशी जाऊन त्या अडल्या. कडू घास परत घरी नेता येत नाही. आणि मयतच नाही, त्या घरी तो ठेवायचा तरी कसा? गंज धरून त्या उंबरठ्यावर उभ्या, ना आत ना बाहेर.

"आण इकडे," मामाजी पाट ओढून बसले. "सकाळपासून मरून बसलो, भूक लागली मले."

भूक लागली! अकरा वर्षांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि आतोबांच्या खांद्यावर ठेवला, दोन्ही पदर सारखे करून. आत्याबाई पुन्हा बसल्या आणि भात वाढता वाढता पुन्हा रडल्या. तेव्हा कुठे डायरेक्टरला कट म्हणायची आठवण झाली.

लगेच सिनेमाचा माणूस दुपट्टा मागायला आला. पुढच्या सीनमध्ये पाठीवर तोच पाहिजे म्हणे. आतोबांनी दुपट्टा मुठीत धरला. "अकरा वर्सानं भेटला साहेब, आता नाई सुटत." सावलीहून दुसरा येईपर्यंत शूटिंग बंद राहिलं.

आता सिनेमा आला आहे. आत्याबाईंचं रडणं त्यात अख्खं आहे. मामाजींच्या पाठीचं लोक कौतुक करतात. माझा डावा कोपर दिसतो, तोही भिंतीतल्या दुःखाच्या बाजूला.

आत्याबाई आता रोज सकाळी सातला फोन करतात, माझ्याच फोनवर. मला कशी आहेस म्हणून विचारत नाहीत, भावाला दे म्हणतात. मामाजी ओसरीवरून मोठ्यानं सांगतात, "आहो वो सुमन, आहो अजून. सुनेनं आज काई टाकलं नाई."