वीतभर लांबणारं विमान

शरयू खानझोडे नागपूरची. बोलायला गोड, पण डूख धरावा तर तिनंच. हा तर तिनं चार वर्षं जपला होता.

कॅलिफोर्नियातल्या एका नव्या कंपनीला आवाजापेक्षा वेगानं उडणारं प्रवासी विमान बांधायचं होतं. कॉन्कॉर्डची चौदा विमानं सत्तावीस वर्षं प्रवासी वाहून २००३ मध्ये कायमची उतरली, त्यानंतर तसलं विमान कुणी चालवलंच नव्हतं. कॉन्कॉर्डचा सांगाडा हवेत तापून वीतभर लांबायचा. नव्या विमानाचा किती लांबेल, त्याला तडे कधी जातील, हे गणित शरयूनं तिथं दीड वर्ष राबून मांडलं. तिचा साहेब, पुण्याचा देवांग, यानं त्यावर स्वतःचं नाव घातलं आणि पुढच्याच महिन्यात कपातीच्या यादीत तिचं. अमेरिकेत व्हिसावरच्या माणसाला साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधावी लागते, नाहीतर देश सोडावा लागतो. शरयूला ती एकोणसाठाव्या दिवशी मिळाली, ॲन आर्बरमध्ये. काम काय, तर इतर कंपन्यांची गणितं तपासायची.

यंदा जानेवारीत तेच गणित देवांगच्या नावानं तिच्या टेबलावर आलं. तिला आसुरी आनंद झाला, आणि त्यात लाजायचं काय? मात्र आपलं काम आपणच तपासायचं नाही, असा तिथला नियम. ‘हे माझं’ म्हटलं असतं, तर फाइल दुसऱ्याकडे गेली असती आणि पुराव्याच्या नावानं शंख. ती गप्प राहिली.

तपासणारी कोण, हे देवांगला ऑनलाइन मीटिंगमध्येच कळलं. बाकीचे नऊही जण अमेरिकन.

“पान चाळीसवरचा हा आकडा कसा काढलात?” शरयूनं इंग्रजीत विचारलं.

देवांग खाकरला. तिनं तितक्याच नम्रपणे पुन्हा विचारलं. मग गोऱ्यांसमोर कोंडीत सापडलं की आपली माणसं जे करतात, तेच त्यानं केलं. तो मराठीत शिरला.

“शरयूताई,” तो म्हणाला. जन्मात कधी ताई म्हटलं नव्हतं. “प्लीज यार, हे तूच काढलं होतंस, मला काय माहीत? इथे सीन नको करू. नंतर कॉल करतो.”

शरयूनं त्याचे आभार मानले आणि वाक्यन् वाक्य सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

“हे मीटिंगच्या मिनिट्समध्ये नोंदवून घ्या,” ती म्हणाली. “रिपोर्ट माझा आहे. त्यामुळे मी तो चेक करू शकत नाही.”

आता तिचं तिथं काही काम उरलं नव्हतं. तरी ती मीटिंगमधून उठली नाही. देवांगचा चेहरा तिला शेवटपर्यंत बघायचा होता.