रोज हरणारा माणूस

पत्ते पिसल्याचा आवाज आला की अजूनही डार्मश्टाट शहरातला तो माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. लहानपणी वडिलांबरोबर मी सोलापूरहून जर्मनीत आलो आणि इथलाच पोलीस झालो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. गल्लोगल्ली इंटरनेट कॅफे निघाले होते.

खबर फोनवर आली. स्टेशनजवळच्या कॅफेत एक परदेशी रोज दुपारी एकाच कॉम्प्युटरवर जुगार खेळतो, मागे टोळी असणार. मी साध्या वेशात त्याच्या मागे जाऊन बसलो. ऑनलाइन पत्ते चालू होते, समोर एकच खेळाडू. याच्या हातात तीन राजे आले आणि पठ्ठ्याने डाव सोडून दिला! वर हसतोय! आमच्याकडे दिवाळीत तीन पत्तीचा फड बसायचा, त्यामुळे जुगारी मी ओळखतो. तो घर विकेल, पण तीन राजे टाकणार नाही. पाणी कुठेतरी मुरत होतं.

ठाण्यात आणल्यावर नाव-गाव सोडून तो तोंडातून ब्र काढेना. माझी सहकारी वैतागली. "आल्झो, चला तर, याच्या दूतावासाकडून माहिती मागवू," ती म्हणाली. आमची ती नेहमीचीच पद्धत.

एवढं ऐकलं मात्र, तो खुर्चीतून ताडकन उठला. "साहेब, मला खुशाल आत टाका. पण त्यांना काही विचारू नका. ते माझ्या बायकोला उचलतील."

मग सगळं बाहेर आलं. सरकारविरुद्ध बोलला म्हणून त्याला देश सोडून पळावं लागलं होतं. बायको तिथेच अडकली. तिकडे फोन चोरून ऐकत, पत्रं फोडत, मेल आणि चॅट बंद. जुगारालाही बंदीच, पण पत्त्यांची ही छोटी साईट अजून कुणाच्या नजरेत आली नव्हती. समोरची खेळाडू म्हणजे तीच. पत्त्यांशेजारच्या लिहायच्या चौकटीत दोघं चार ओळी बोलायची.

"मग चांगले पत्ते टाकता कशाला?" मी विचारलं.

"डावावर लावायच्या तिच्या चकत्या संपल्या की डाव संपतो, साहेब. मग ती जाते. तीही मला हरू देत नाही."

मला हसू आलं. साईट तपासली. खेळ फुकटचा होता, म्हणजे गुन्हाच नव्हता. "गेनाऊ, अगदी बरोबर," सहकारी हळूच म्हणाली, आणि दूतावासाला काही कळवायचं नाही असं आम्ही ठरवलं.

काही महिन्यांनी तो आपणहून ठाण्यात आला. तिकडच्या सरकारने ती साईट बंद केली होती. "साहेब, तुम्ही पोलीस. ती बरी आहे का, एवढं तरी शोधा ना."

शोधायचा आमचा रस्ता एकच, दूतावासाचा. त्या वाटेने गेलो असतो तर तिच्या दारात तिकडचे पोलीस आम्हीच पाठवले असते. मी त्याच्यासमोर कॉफी ठेवली आणि जमणार नाही म्हणून सांगितलं. इतकं वाईट नोकरीत मला कधी वाटलं नाही.

हरवलेल्या माणसाचा शोध घ्यायचा, हे मी जन्मभर केलं, नव्या पोरांनाही शिकवलं. कुणाचा जीव वाचवायचा तर कधी कधी शोध घ्यायचाच नाही, हे त्या माणसामुळे कळलं. तो पुढे म्युनिकला गेला म्हणे. त्याची बायको कशी आहे, हे विचारायला आजही जीव तुटतो. मी अजून कुणालाही विचारलेलं नाही.