हुमणी आणि गच्चीची चावी

जयवंत पेडणेकरांनी वांग्याचे रोप नुसते धरले आणि ते अलगद हातात आले. मुळे नव्हतीच. कुंडीतल्या मातीत करंगळीएवढ्या जाड, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या कोयरीसारख्या वळून पडल्या होत्या. हुमणी. सहापैकी हे पाचवे रोप.

करी रोडच्या ज्या चाळीत ते जन्मले, तिच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर ही वांगी वाढत होती. बी आईने वेंगुर्ल्याहून आणलेले. दरवर्षी एक फळ झाडावरच पिवळे होऊ द्यायचे आणि पुढच्या सालचे बी धरायचे, हा नेम अठ्ठेचाळीस वर्षे चुकला नव्हता. यंदा डबीतले सगळे बी पेरून झाले होते. उरलेल्या झाडावर एकच फळ होते, तेही कोवळे. आणि दुपारी ते झाडही मान टाकू लागले होते.

जयवंतांनी कॅलेंडर उलटले. जुलैच्या पानावर त्यांच्याच अक्षरात नोंद होती : ‘सोसायटीचे खत घातले.’ निर्माल्याचे, शेण मिसळलेले, हार घालून समारंभाने वाटलेले. उरलेली पिशवी त्यांनी उपडी केली. अर्धवट कुजलेल्या झेंडूत तशाच अळ्या.

“सगळी माती कचऱ्यात घालतो!”

“खबरदार,” स्वयंपाकघरातून त्यांच्या आई सुभद्राबाई कडाडल्या. “त्या मातयेत आपलो गणपती आसा. ती केरात जावची नाय.”

शाडूची मूर्ती घरीच बादलीत विसर्जित करून ती माती कुंड्यांत मिसळायची, ही पेडणेकरांची रीत. म्हणजे माती टाकायची नाही आणि ठेवायचीही नाही. उन्हात पसरून अळ्या वेचणे एवढाच मार्ग उरला, आणि गच्चीला कुलूप.

खाली कार्यालयात सेक्रेटरी हितेंद्रने लॅपटॉपवरून नजरही उचलली नाही. “पाणी जास्त घालत असाल, काका. आणि गच्ची रेसिडेंट्सना बंद आहे. रूल आहे.”

“खत तपासून वाटायचा रूल नाही?”

“फुकट होतं ना, काका!”

जयवंतांची कानशिले तापली. ते वर गेले, मेलेल्या रोपाची कुंडी घेऊन उतरले आणि हितेंद्रच्या फायलींवर ती पालथी केली.

“अहो, काय करताय! दत्ताराम, झाडू आण!”

“झाडू लावायचा नाही. गणपतीची माती आहे ती. स्वतःच्या हाताने भर, नाहीतर चावी दे. वर अजून पाच कुंड्या आहेत.”

वॉचमन दत्तारामने आणलेला झाडू भिंतीला टेकवला. “मी नाय हात लावणार, साहेब.”

एक अळी फायलीवरून लॅपटॉपकडे सरकत होती. हितेंद्रने ड्रॉवर उघडला.

गच्चीवर जयवंतांनी चार दिवस माती तापवली, चाळली, अळ्या वेचल्या. शेवटच्या झाडाखाली एकोणीस निघाल्या. मूठभर मुळे वाचली होती; ते झाड त्यांनी गच्चीवरच चाळलेल्या मातीत पुन्हा लावले. बाविसाव्या दिवशी फळाच्या देठाशी पिवळी छटा आली.

हितेंद्रने चावी मागितली.

“आधी बी धरू दे,” जयवंत म्हणाले, आणि दार लावून घेतले.