पेवात सोडलेला कंदील

मी तेव्हा छावणीत पोस्टिंगला होतो, इंजिनिअर्सच्या कंपनीत हवालदार. गाव फर्दापूरकडं, म्हणजे तसं जवळच, पण सुट्टी मिळेल तर शपथ. आदल्या दिवशी शहरातलं गणपती विसर्जन आटोपलं होतं. पहाटे बराकीतली लोखंडी खाट गदगदा हलली. मला वाटलं, शेजारचा दत्ताराम उठवतोय. डोळे उघडले तर तो बनियनवर खाली उभा होता आणि म्हणत होता, "उस्ताद, मी नाही हात लावला."

उजाडल्यावर फॉलिन होऊन सगळे रांगेत उभे राहिले. लातूरच्या बाजूला गावंच्या गावं बसली आहेत, एवढंच कंपनी कमांडर मेजरसाहेबांनी सांगितलं. पहारी, फावडी, दोर, करवती, जॅक गाड्यांत चढवले आणि आम्ही निघालो. त्या भूकंपाचं नाव मराठवाड्यात घ्यावं लागत नाही.

आता मी त्याच शहरात, पुंडलिकनगरात राहतो. अधूनमधून जमीन थोडी हलते, भांडी वाजतात आणि सगळी बिल्डिंग खाली जमा होते. मागच्या वेळी एक गृहस्थ टीव्हीचा रिमोट हातात घट्ट धरून आले होते. त्यांच्या बायकोनं गॅसवरचा कुकर उचलून आणला होता. नंतर सगळे त्यावर पोट धरून हसले. मला हसू येत नाही, म्हणून लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत. हादऱ्यानं भिंती पडतात हे सगळ्यांना दिसतं. माणसाच्या डोक्यातलं काय पडतं, ते मी पाहिलंय.

आमच्या सेक्शनच्या वाट्याला आलेल्या गावात एकही गल्ली ओळखू येत नव्हती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडांवर अंथरलेला मातीचा जाड थर. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं होतं. एका घराचं फक्त दार चौकटीसकट उभं होतं आणि घरमालक त्या दाराला कुलूप लावत होता. एक म्हातारी अंगण झाडत होती. रडणारे थोडे होते. बाकीचे आम्ही सांगू ते मुकाट्यानं करायचे, बस म्हटलं की बसायचे.

आमची कामाची पद्धत ठरलेली होती. शिट्टी झाली की सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवायची, श्वाससुद्धा हळू घ्यायचा आणि ढिगाऱ्याला कान लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी एका अर्धवट उभ्या ओसरीपाशी दत्तारामनं हात वर केला. आतून बाईचा आवाज येत होता.

ते घर तात्यांचं. साठीचे शेतकरी, अंगणात झोपले होते म्हणून वाचलेले. मुलगा पुण्याला नोकरीला. आत सून होती. मधल्या घराची जमीन खचली होती आणि ती त्या खड्ड्यात, अंगावर आडवी तुळई घेऊन अडकली होती. वरून माती उपसायची म्हणजे तुळई तिच्यावरच बसायची भीती. मी वायरलेसवर कळवलं.

"चार्ली टू. एक जिवंत. वेळ लागेल. ओव्हर."

"वेळ घ्या. भिंतींवर नजर ठेवा. आउट."

एक जवान खास भिंतींकडं बघायला उभा केला. तुळईखाली जॅक लावायचं काम हळूहळू चाललं होतं. दत्ताराम सारखा त्या बाईशी बोलत होता. पाणी नळीनं सोडतो म्हणाला, घाबरू नका म्हणाला. दत्ताराम गुरव, लान्स नायक, रत्नागिरीकडचा. एरवी तोंडातून शब्द काढायला महाग, पण त्या दिवशी थांबेना.

दुपारी आफ्टरशॉक आला. आम्ही सगळे मोकळ्यावर पळालो. परत आलो तेव्हा तुळई आणखी खाली बसली होती आणि बाईचा आवाज बारीक झाला होता. त्याच वेळी, सकाळपासून दगडासारखे बसलेले तात्या एकदम उठले.

"साहेब, वसरीत पेव हाय. त्याच्या पोटाच्या पल्याड सूनबाई. आतून भिंत पोकरली की खालून तिच्यापाशी निघताल. लवकर करा."

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मोठं. ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवायची आणि मातीनं लिंपून टाकायचं. आमच्या घरी पेव नव्हतं. पेवासाठी आधी उरलेलं धान्य लागतं, ते आमच्या वस्तीत कोणाकडं असणार? दत्तारामच्या कोकणात भात बांबूच्या कणगीत ठेवतात. तिथं पेव एकट्या तात्यांच्याच अंगवळणी पडलेलं होतं.

ओसरीवरची माती बाजूला केली. तात्यांनी स्वतः पहार घालून फरशी उचकटली. आतून उबट, आंबूस वास आला. ज्वारी निम्म्यावर होती.

"मी जातो," दत्ताराम म्हणाला. "मी अंगानं बारीक."

त्याच्या कमरेला दोर बांधला. एक हिसका दिला तर सैल सोडायचा, दोन दिले तर ओढायचा, असं ठरलं. तो उतरला. आम्ही सगळे भिंतींकडं बघत होतो. ऑर्डरच तशी होती.

हिसका आलाच नाही. मी हाक मारली, उत्तर नाही. दुसऱ्या हाकेची वाट न बघता दोर ओढला. तो वर आला तेव्हा अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. केसांत ज्वारीचे दाणे होते. आम्ही छाती दाबली, तोंडानं श्वास दिला. आमच्या तुकडीबरोबरचे डॉक्टरसाहेब पळत आले आणि थोड्या वेळानं त्यांनीच माझा हात धरून मला थांबवलं.

मिटलेल्या पेवात धान्याची हवा कोंडते. तिच्यात माणूस जगत नाही. पेव उघडलं की अर्धा दिवस तसंच ठेवायचं, मग दिवा खाली सोडून बघायचा. दिवा टिकला तरच उतरायचं. हे मला डॉक्टरांनी सांगितलं. तात्यांनी ते आयुष्यभर दर साली केलं होतं.

सूनबाईला आम्ही दिवस मावळायच्या आत वरूनच काढलं. तुळई करवतीनं दोन जागी कापली. पाय मोडला होता, पण ती जिवंत होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दत्तारामला घेऊन गाडी गेल्यावर तात्या माझ्याकडं आले आणि कंदील मागितला. मी दिला. त्यांनी तो दोराला बांधला, पेटवला आणि पेवात सोडला. दोन हात खाली गेला नाही तोच विझला. त्यांनी वर घेतला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा विझला. ते परत काडी ओढायला लागले तेव्हा मी त्यांच्या हातातली पेटी काढून घेतली.

"सारं ठावं व्हतं मला," ते म्हणाले. "त्या टायमाला कुठं गेलं व्हतं, साहेब?"

मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण कुलूप लावणारा तो माणूस मी आदल्याच दिवशी पाहिला होता.

दत्तारामला त्याच्या गावी मीच पोचवलं. सलामी झाली. माणसं पांगल्यावर त्याच्या आईनं मला चुलीपाशी बसवलं आणि विचारलं, "ती बाई जगली ना?"

"जगली."

"नाव काय तिचं?"

मला ठाऊक नव्हतं. तात्या तिला सूनबाई म्हणत होते, म्हणून आम्हीही तेच म्हणत होतो. ज्या बाईसाठी पोरगा गेला तिचं नाव त्या माऊलीला सांगता येईना, याची लाज मला अजून वाटते.

हिवाळ्यात सुट्टी काढून मी मुद्दाम त्या गावी गेलो. लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. ती काठी टेकत बाहेर आली. शकुंतला, असं तिनं सांगितलं आणि मग त्याचं नाव विचारलं. मी सांगितलं. तिनं ते गावासकट माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

वर्षश्राद्धाला शकुंतलाबाई आणि तिचा नवरा रत्नागिरीला गेले. मी सोबत होतो. तात्या एस.टी. स्टँडपर्यंत आले, पण गाडीत चढले नाहीत. "त्या माऊलीला कोणतं तोंड दाखवू?" म्हणाले. दत्तारामच्या आईनं दारातच शकुंतलाबाईला जवळ घेतलं, तिच्या मोडलेल्या पायावरून हात फिरवला आणि मग माझ्याकडं बघून विचारलं, "हिचे सासरे नाही आले?"

तिला काय घडलं ते सगळं माहीत होतं. मीच सांगितलं होतं. तिनं त्यांचंही ताट वाढून ठेवलं होतं.

परतल्यावर मी हे तात्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि उठून शेताकडं गेले. पुढच्या वर्षी रत्नागिरीला जाऊ म्हणाले होते, पण त्याआधीच वारले. दुखणं असं काही नव्हतं. त्या भूकंपात आमच्या सेक्शनचा एक जवान गेला, असं रेकॉर्ड आहे. त्या पेवापाशी दोघं गेले, असं मी धरतो.