एका खात्यावर दोन किटल्या

सांगलीतल्या दूध संघात माझी खुर्ची साधीच आहे. पण गावोगावच्या दुधाच्या नोंदी डेटाबेसमधून विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणते ती मीच, आणि याचा मला तोरा आहे. का नसावा?

नवं सॉफ्टवेअर आल्यावरच्या पहिल्याच अहवालात पाटणच्या डोंगरातल्या एका केंद्राचं दूध निम्म्यावर आलेलं दिसलं. साहेब म्हणाले, "एवढ्याशा दुधासाठी गाडी वर कशाला पाठवायची? बंद करून टाकू." ते केंद्र माझ्या माहेरचं. गाडी बंद झाली तर बायकांना डोक्यावर किटल्या घेऊन घाट उतरावा लागणार.

बिलं थेट डेटाबेसवरून निघत. ती बरोबर होती, म्हणून कुणाची तक्रारही नव्हती. म्हणजे दूध येत होतं, ते इम्पोर्टच्या वाटेत कुठंतरी सांडत होतं. मी एकेक पायरी उघडून बघत बसले, आणि सापडलं. एका खात्यावर एकाच वेळच्या दोन नोंदी दिसल्या की दुसरी दुबार समजून काढून टाकायची, अशी सोय सॉफ्टवेअर बसवणाऱ्यानं केली होती.

मला हसूच फुटलं. आमच्या वाडीत खाती अजून आजोबांच्या नावावर आणि चुली मात्र वेगळ्या. माझी आई आणि चुलती एकाच खात्यावर दूध घालतात, पण एका किटलीत नाही. चुलतीच्या म्हशीला फॅट लागत नाही, असं आईचं म्हणणं. त्यावरून दोघींनी अबोला धरला त्याला कैक वर्षं झाली. वाडीतल्या बहुतेक घरांत हीच तऱ्हा.

दूध आणि फॅटही सारखं असेल तरच नोंद दुबार धरायची, असं मी बदललं आणि पुन्हा इम्पोर्ट केलं. आमच्या केंद्राचं दूध दुप्पट झालं. साहेबांनी मूळ नोंदींशी ताडून पाहिलं आणि म्हणाले, "गाडी चालू राहू द्या."

मी मोठ्या ऐटीत आईला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हंजी माजंच दूध गाळलं व्हय? रांगेत ती म्होरं असती म्हनून?" आणि फोन ठेवला. मला रागच आला. शाबासकी राहिली बाजूलाच.

दुसऱ्या दिवशी चुलतीचा फोन आला. "तुजी आय सकाळधरनं सांगत सुटलीया, माज्या पोरीनं गाडी राखली म्हनून. डेरीत सांगितलं, गाडीवाल्याला सांगितलं."

मग म्हणाली, "मलाबी सांगितलं."